टिकटिक कुठे गेली?

गल्लीत त्यांना सगळे फिटरकाका म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांजवळ, काढली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचा छोटा कारखाना थाटला. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या कानावरचा हेडफोन उतरला तोही त्याच वर्षी. दोघं एकदमच घरी बसली आणि घर एकाएकी लहान पडायला लागलं.

त्यावर उपाय म्हणून जणू काकांच्या जुन्या फोरमनची मोटरसायकल आली. फोरमन लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. गाडी पन्नास वर्षांची, एका सिलिंडरची. अर्धी सांगाड्यावर होती आणि उरलेली दोन पोत्यांत. "भंगारात तेवढी घालू नकोस," एवढंच तो म्हणाला.

काकांनी दोन वर्षं तिच्यावर घातली. गंजलेली टाकी आतून साफ केली, व्हॉल्व्ह घासून बसवले, वायरिंग नवं ओढलं. काकू शेडच्या दारात खुर्ची टाकून शब्दकोडी सोडवायच्या. "पोती रिकामी झाली की सांगा, मला धुवायला घालायचीत," असं अधूनमधून म्हणायच्या.

एका सकाळी, नवव्या किकला, इंजिन लागलं. काका इतके हरखले की त्यांनी काकूंशी चक्क हात मिळवला, साहेबाशी मिळवावा तसा. आणि दहा मिनिटांनी गाडी बंद पडली.

थंड झाल्यावर पुन्हा लागली. दहा मिनिटांनी पुन्हा बंद.

"पेट्रोल पोचत नाहीये," काका म्हणाले. त्यांनी कार्बोरेटर उघडला, त्यातले पेट्रोलचे बारीक जेट फुंकले, तारेनं साफ केले. गाडी लागली आणि दहा मिनिटांनी बंद पडली. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून त्यांनी झाकण उघडं ठेवून चालवून पाहिली. तरी तेच. मग प्लग बदलला. गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठिणगी पाहिली, तर ती चांगली निळीशार. म्हणजे करंटचाही दोष नव्हता. असे पाच दिवस गेले. फिटरकाका जेवताना बोलेनासे झाले. तसे ते एरवीही कमीच बोलायचे, म्हणून काकूंनी फार मनावर घेतलं नाही.

सहाव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की गरम होऊन बंद पडल्यावर किक फुसकी लागते. पाय सरळ खाली जातो, दाबच नाही.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," ते म्हणाले आणि पाने-पकडी मांडायला लागले. "इंजिन परत खोलायला लागणार."

"म्हणजे अजून किती दिवस?"

काकांचं लक्ष नव्हतं. काकूंनी तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला.

"महिना. रिंगा मिळाल्या तर."

काकूंनी शब्दकोडं मिटलं. "खोलण्याआधी एक सांगा. ती टिकटिक कुठे जाते?"

"कसली टिकटिक?"

"अहो, पहिल्या दिवशी चालू केली तेव्हा फटफटच्या आत एक बारीक टिकटिक होती. शिवणयंत्रासारखी. आता ती सुरुवातीला जेमतेम असते, मग होत होत नाहीशीच होते. ती गेली की दोन-तीन मिनिटांत गाडी बंद पडते. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

काका हातातला पाना तसाच धरून उभे राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर यंत्राला कान लावून रोग ओळखले, त्याला ही टिकटिक ऐकू यायला हवी होती. टॅपेटचा आवाज. व्हॉल्व्हला ढकलणारा दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवतात, त्या फटीचा तो आवाज. ती फट नसेल तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, दाब निसटतो, गाडी मरते. शिकाऊ असताना त्यांनी पहिल्या महिन्यात पाठ केलेली गोष्ट. नव्यानं घासलेला व्हॉल्व्ह चालून चालून आत बसतो आणि फट कमी होते, हेही त्यांना ठाऊक होतं. फट पुन्हा तपासायची ती आवाज बदलला की, अशी त्यांची सवय. पण आवाज बदललेला त्यांना कळलाच नव्हता.

"मला ऐकू आली नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीपण नाही."

काकू खुर्चीतून उठून जवळ आल्या.

"प्रेसच्या आवाजानं गेले कान. नोकरीत असतानाच कमी यायला लागलं होतं. कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्या फिटरला मशिनजवळ कोण उभं करतं?"

"मला तरी सांगायचं!" काकूंचा आवाज चढला, आणि तो चढवायलाच हवा हे लक्षात येऊन त्या स्वतःच गोंधळल्या. "इतकी वर्षं मी समजतेय, माझं बोलणं तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता!"

"तसंही करायचो," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "थोडंफार."

काकूंना रागवायचं होतं, पण हसू फुटलं. हसता हसता त्यांचे डोळेही भरून आले. काकांनी नजर इंजिनाकडे वळवली आणि फडक्यानं उगीचच एक स्वच्छ नट पुसला.

इंजिन पुरतं थंड होऊ दिलं. मग काकांनी बाजूचं झाकण काढून फट मोजली. पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हची ठीक होती. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टची जवळजवळ नव्हतीच, मापाची पातळात पातळ पत्तीही शिरेना. त्यांनी नट सैल करून फट मापात आणली, गाडी चालू केली आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर काकूंच्या हातात दिला.

"टोक इथं टेकव. मूठ कानाला लाव. आणि काय ऐकू येतं ते सांग."

काकूंनी टेकवला आणि दचकून मागे झाल्या. "अगं बाई! आत अख्खं एक्स्चेंज आहे."

"टिकटिक?"

"टिकटिक नाही. टकटक. दार वाजवल्यासारखी."

"मग जास्त सैल झाली." काकांनी गाडी बंद केली आणि निवेपर्यंत दोघं चहा पीत बसली. मग पान्यानं इवलासा फेर. पुन्हा किक.

"आता?"

काकूंनी डोळे मिटले. खरखर, घरघर, दूरदूरच्या गावांचे अर्धवट शब्द यांतून नेमका आवाज वेचायची त्यांची जुनी सवय कामाला आली. काका इंजिनाकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"आता टिकटिक. दोन्हीकडे सारखी."

"तापेपर्यंत ऐकत राहा."

दहा मिनिटं झाली. बारा झाली. काकूंनी बोट वर करून "आहे" अशी खूण केली. वीस मिनिटांनी काकांनी स्वतःच गाडी बंद केली आणि लगेच किक मारून पाहिली. पायाखाली भरभक्कम दाब लागला. पहिल्या किकला गाडी लागली.

कानाच्या डॉक्टरांची वेळ काकूंनीच फोन करून घेतली. काकांनी आधी कुरकुर केली, मग गेले. कानात घालायचं यंत्र मिळायला तीन आठवडे लागणार होते. तोवर थांबायचा धीर मात्र दोघांनाही नव्हता.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे होते तेव्हा ते निघाले. काकू मागे बसल्या. मागून गाडी आली की खांद्यावर टिचकी मारायची, उजवीकडून असेल तर उजव्या, डावीकडून असेल तर डाव्या, असं ठरलं होतं. पुलापर्यंत सगळं झकास झालं. पुलापलीकडच्या चढावर काकूंनी दोन्ही खांदे एकदम दाबले.

काकांनी गाडी कडेला घेतली. "काय झालं? दोन्हीकडून आली?"

"काही नाही," काकू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "जरा सावकाश घ्या. नदी बघायचीय."

ते सावकाश निघाले.