येतो म्हणून गेलेला माणूस

गुरुदत्त सगळा आशिया पालथा घालून आला आणि हात हलवत आला, असं कलकत्त्याची मराठी मंडळी म्हणत. मंडळींना दुसऱ्याच्या अपयशाची बातमी लवकर पोचते हे खरं, पण यावेळी ती खोटी नव्हती. रंगूनला चहा मिळाला. बँकॉकला त्याहून चांगला चहा मिळाला. सिंगापूरला "पुढच्या वर्षी बघू" मिळालं आणि हाँगकाँगच्या व्यापाऱ्याने तर तोंडावर सांगितलं की गालिच्याच्या पाठीला आता तागाचं कापड कोण लावतो, प्लास्टिक आलंय. उरला एक ओसाकाचा इशिदा. त्याने कापड बोटांत चुरगाळून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, नाकाला लावलं आणि मान डोलावली. गुरुदत्तला वाटलं, जिंकलो. त्याने हात मिळवला आणि विमानतळ गाठला. त्यानंतर ओसाकाहून अवाक्षर आलं नाही.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गुरुदत्तचे मालक श्यामराव, त्यांची खिदिरपूरला छोटी कंपनी होती. जवळच्या बजबज गावच्या गिरणीत विणलेलं कापड ते परदेशी पाठवत. धंदा उतरणीला लागलेला, म्हणून होतं नव्हतं ते पणाला लावून त्यांनी गुरुदत्तला दौऱ्यावर धाडलं होतं. ओसाकाची ऑर्डर आली तर कंपनी राहील, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप. श्यामरावांनी हे एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. ओरडले असते तर गुरुदत्तला बरं वाटलं असतं.

आणि एका सकाळी इशिदा स्वतःच खिदिरपूरच्या ऑफिसात येऊन उभा राहिला! हातात छोटी बॅग, कलकत्त्याच्या उकाड्यातही कोटाची सगळी बटणं लावलेली. गुरुदत्त ताडकन उठला. इशिदाने कमरेत वाकून नमस्कार केला आणि मोजक्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही येतो म्हणालात. आला नाहीत. म्हणून मी आलो."

गुरुदत्तला काही कळेना. "मी? येतो म्हणालो?"

"दारात उभं राहून म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन इंजिनिअर नागोयाहून बोलावले. गालिच्याचं यंत्र तुमच्या कापडासाठी मोकळं केलं. दिवसभर वाट पाहिली."

"नाही हो साहेब, मी असं म्हणालोच नाही. माझं विमान त्याच रात्री होतं!"

इशिदाने वाद घातला नाही. नुसती मान खाली केली. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी मोठ्याने भांडण, मग चहा. हा माणूस भांडलाही नाही, आणि तेच गुरुदत्तला फार लागलं. संध्याकाळच्या विमानाने आपण ढाक्याला चाललो आहोत, एवढं मात्र इशिदाने सांगितलं. ढाक्यालाही ताग पिकतो हे सांगायची गरज नव्हती.

श्यामराव म्हणाले, "निदान जेवून तरी जाऊ दे त्यांना." दुसरं सुचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

भवानीपूरला गुरुदत्तच्या घराच्या उंबऱ्याशी इशिदाने बूट काढले आणि खाली बसून ते जोडीने दाराकडे तोंड करून ठेवले. गुरुदत्तची बायको शैला पाहतच राहिली. तिच्या घरात चपला जिथे सुटतील तिथे पडत. "अहो, शिका काहीतरी," ती पुटपुटली.

वरण-भात, लिंबू, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. इशिदा बोटांनी भात कालवायला शिकत होता आणि एक शीतही ताटाबाहेर सांडू देत नव्हता. गुरुदत्तला त्याही परिस्थितीत त्याचं कौतुक वाटलं. ओसाकाला त्याच्या गोदामात हेच दिसलं होतं. गठ्ठे उचलणारा हमालसुद्धा कापडाची कड दुमडू देत नव्हता. अशा माणसाने आपल्याला खोटारडा समजावं, याचं दुःख ऑर्डरच्या दुःखाहून कमी नव्हतं.

श्यामराव भात नुसता चिवडत होते. अर्ध्या जेवणातून ते उठले, हात धुतले आणि दाराशी जाऊन म्हणाले, "मुंबईचा ट्रंक कॉल यायचाय ऑफिसात. जातो मी."

शैला वाढता वाढता थबकली. "काका! 'जातो' काय म्हणता भरल्या घरातून? येतो म्हणा!"

"हो बाई, चुकलो. येतो," श्यामराव म्हणाले आणि जिना उतरले.

इशिदाने विचारलं, "त्या का रागावल्या?"

गुरुदत्त समजावू लागला. "आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. माणूस निघाला तरी 'येतो' म्हणतो. आमचे बंगाली शेजारीसुद्धा जाताना 'आशी' म्हणतात, म्हणजे येतोच. म्हणून इथे जन्मलेले आम्ही तर इंग्रजीत बोलतानाही कुणाचा निरोप घेताना..."

तो बोलता बोलता थांबला. ओसाकाचं ते सरकतं दार त्याला दिसलं. दारात आपण हात जोडून उभे आहोत आणि पाठीमागे टॅक्सी थांबली आहे. घाईत, आनंदात, घरच्यासारखं तोंडातून निघून गेलेलं वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकू आलं. "अच्छा इशिदासान, आय विल कम!"

"म्हणालो होतो," गुरुदत्त म्हणाला. "साहेब, मी म्हणालो होतो. तुमचंच खरं. पण मी तुमचा निरोप घेत होतो हो!"

इशिदाने ताटातला हात थांबवला. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की काय म्हणून शैला घाबरली, पण तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आमच्यातही आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी मी बायकोला म्हणतो, 'इत्ते किमासु'. म्हणजे जाऊन येतो. पण ते फक्त आपल्या घरून निघताना. परक्याच्या दारात कुणी कधीच म्हणत नाही."

"आम्ही कुणाच्याही दारात म्हणतो," शैला म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला. त्याने तो संपवला.

निघायची वेळ झाली. ढाक्याला जाणं भाग आहे, इशिदा म्हणाला. तिथल्या लोकांना येतो असं कळवलं होतं, ते वाट पाहत असतील. काय सांगायचं ते त्यांना समोर बसून सांगायला हवं, पत्राने नाही. ऑर्डरबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, आणि गुरुदत्तचंही विचारायचं धाडस झालं नाही. इतक्या सरळ माणसाला घाई करायची तरी कशी?

उंबऱ्यापाशी त्याने बूट घातले. उभा राहिला, वळला, गुरुदत्तकडे आणि शैलाकडे पाहून वाकला.

"इत्ते किमासु," तो म्हणाला.

शैलाने पदराला हात पुसले. "या," ती म्हणाली.

गुरुदत्त त्याला टॅक्सीत बसवून परत वळला तर श्यामराव समोरून घाईघाईने येत होते. फोन आला नव्हता आणि ऑफिसात मन लागलं नव्हतं. शैलाच्या 'येतो म्हणा'वरून त्यांनाही वाटेत सगळा घोटाळा उमगला होता. त्यांनी वळणावर दिसेनाशी होणारी टॅक्सी पाहिली.

"गेले? ऑर्डरचं काही बोलले का?"

"येतो म्हणाले."

श्यामराव जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकले. "आपल्यासारखं येतो, की त्यांच्यासारखं?"

"त्यांच्यासारखं, काका. स्वतःच्या घरून निघताना म्हणतात ते."

श्यामरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि ते जिना चढायला लागले.

"शैलाला म्हणावं, माझं पान पुन्हा वाढ," ते म्हणाले. "अर्धं टाकून उठलो होतो."