नाव न घेता सांगा

"मॅडम, आमची अख्खी गल्ली तुमच्याशी खोटं बोलतीय, हे तुम्हाला कळतं का?"

विचारलं! एका दमात विचारलं. अंगणवाडीच्या भिंतीमागे लपलेल्या माझ्या वर्गातल्या पल्लवीने आणि तिच्या टोळीने "आई गं" केलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं. पैज भेळीची होती, कडेगाव स्टँडजवळच्या गाड्यावरची. मागच्या वर्षीची मी असते तर न विचारताच सगळ्यांना भेळ चारून मोकळी झाले असते. पण गॅदरिंगला निवेदन केल्यापासून माझं तोंड जे उघडलंय, ते मिटायचं नाव घेत नाही, असं आई म्हणते.

दीपमाला मॅडम मेडिकल कॉलेजात शिकतात. लहान मुलं काय खातात आणि कशी वाढतात, असा त्यांच्या विद्यापीठाचा अभ्यास चाललाय. त्यासाठी त्या दर रविवारी सांगलीहून एसटीने येतात, खांद्याला वजनकाटा लटकवून. मला वाटलं, आता चिडणार. त्यांनी शांतपणे पाण्याच्या बाटलीचं टोपण लावलं.

"कळतं," त्या म्हणाल्या. "बस इथं. नाव काय तुझं?"

"सृष्टी."

"हे बघ सृष्टी, माझ्या कागदावर तुमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर रोज दूध पितं, अंडं खातं, पालेभाजी खातं. आणि काट्यावर बसवलं की निम्म्यांचं वजन कमी. आमचे सर म्हणाले, एक तर काटा खोटा, नाहीतर कागद. मी काटा बदलून आणला."

"मग?"

"नवा काटा पण तेच सांगतोय."

मी फिस्सकन हसले. त्याही हसल्या, पण थोड्याच. म्हणाल्या, "कागद आणि काटा जुळले नाहीत तर तुमचं गाव अभ्यासातून वगळतील. मग मुलांच्या डॉक्टरांचं शिबिरही दुसऱ्या गावाला जाईल."

माझं हसू गेलं. माझा भाऊ शंभूराज दोन वर्षांचा आहे. दिवाळीपासून अंगणवाडीच्या तक्त्यावर तो कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात अडकलाय, पुढे सरकतच नाही. त्याला शिबिरात दाखवायचं म्हणून आई वाट बघतीय.

"पण खोटं का बोलतात गं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तुम्ही पाहुण्या. आमच्या घरात पोराला धड खायला मिळत नाही, हे पाहुण्याला कोण सांगेल? त्यात दारात चार बायका कान लावून उभ्या. तुम्ही दुसऱ्याच्या घरचं विचारा. लगेच खरं बाहेर येईल."

"तसं विचारता येत नाही. नियम असतात."

"नाव नका विचारू. गल्लीतली पोरं साधारण सकाळी काय खातात, एवढंच विचारा. मी येते बरोबर."

पहिलं घर हरणाआजीचं. दीपमाला मॅडमनी आधीच बजावलं, "आजी, कुणाचं नाव न घेता सांगा हं."

"मी कशाला कुणाचं नाव घिऊ?" आजी सरसावून बसली. "पर ते निळ्या दाराचं घर हाय बघा..."

"आजी, दार पण नको."

"बरं, दार ऱ्हायलं. ज्येनी नवा ट्रॅक्टर घेतलाय..."

"आजी!"

"मग कसं सांगू बाई? चित्र काढू व्हय?"

चित्र काढावं लागलं नाही. चार घरं फिरेपर्यंत सगळी गल्ली उलगडली. सकाळी चहा-बिस्कीट, आई उसातलं तण भांगलायला, मग कुरकुऱ्यांचा पुडा. अंडी उकडली तर आधी तालमीत जाणाऱ्या पोरांना. मॅडमचं पेन थांबत नव्हतं आणि मला तर लय भारी वाटत होतं. वाटेत मी ऐटीत सांगितलंसुद्धा, "आमच्या घरचं मात्र खरंय हां. आमच्या दोन गाई आहेत."

शेवटचं घर आमच्या शेजारच्या सुलाकाकूंचं. मी बाहेर लिंबाच्या फांदीला काटा टांगला आणि त्यांच्या नातवाला झोळीत बसवलं. खिडकी उघडी होती.

"नाव न्हाई घेत म्या," आतून काकूंचा आवाज आला. "पर एक घर हाय. गोठ्यात दोन जर्सी. मालक मिल्ट्रीतनं पेन्शनीवर आलेला, मिशीला पीळ. त्यांची पोरगी सकाळच्याला सायकलला कॅन अडकवून डेअरीला जाती. गाणी म्हणत. सगळं दूध तिकडं. आन बारकं पोरगं उंबऱ्यात बसून कोऱ्या चहात बिस्कीट बुडवतंय. त्येनं पोट भरल्यावर भाकरीकडं बघतंय व्हय ते?"

गाणी म्हणत! निदान सुरात म्हणते, एवढं तरी सांगायचं.

नातू झोळीत लोंबकळत माझी वेणी ओढत होता. मी काट्यावरचा आकडा वाचला, विसरले, परत वाचला.

आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीच्या थांब्याशी आलो. मीच विचारलं, "लिहिलं तुम्ही?"

"गल्लीचं म्हणून लिहिलं. तुमच्या घराच्या कागदावर नाही. तिथं तुझ्या आईने सांगितलेलंच राहणार. बदलायचं तर घरच्यांनीच सांगायला हवं."

"आणि शिबिरात शंभूचं काय होईल?"

"कागद म्हणतोय, हा रोज दूध पितो. मग डॉक्टर दुसरं कारण शोधणार. रक्त तपासतील, औषधं देऊन बघतील."

"म्हणजे त्याला उगाच सुया?"

"कदाचित," त्या म्हणाल्या आणि एसटी आली.

संध्याकाळी पप्पा धार काढून आले. आई भाकऱ्या थापत होती. शंभू तिच्या पाठीला टेकून बिस्किटाचं ओलं टोक चोखत होता. इतकी बारकी मान आहे त्याची, मी कधी नीट बघितलीच नव्हती.

"काय म्हणत हुती डॉक्टरीण?" पप्पांनी विचारलं. "फॅट किती लागती आपल्या दुधाला, सांगितलंस का न्हाई?"

"शंभू किती पितो, ते विचारत होत्या."

"सांगितलंय की मी," आई म्हणाली. "घरचं दूध पितो म्हणून."

"आई, कवा पितो?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. ती अजून उलटायची नव्हती. "आवं, सांगा की हिला," ती पप्पांना म्हणाली. "दूध उरतंय का घरात? चहा बी कोराच पितोय आपण."

पप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "माप कमी भरलं की डेअरीत चर्चा हुती. गाई आटल्या ह्यांच्या, म्हणत्यात. कॅन काठोकाठ गेला पाहिजे."

"पप्पा, त्यांना कॅन दिसतो. अंगणवाडीच्या तक्त्यावर शंभू दिसतो."

शंभूने बिस्कीट माझ्यापुढे धरलं, घे म्हणून. मी त्याला उचलून कडेवर घेतलं. घसा साफ केला, गॅदरिंगला माइकसमोर केला होता तसा.

"ऐका. मी ठरवलंय. उद्यापासून शंभूचा तांब्या पहिला भरायचा, मग कॅन. तांब्या भरला नाही तर माझी सायकल जागची हलणार नाही. आणि रविवारी मॅडम आल्या की आपल्या घरचं खरं काय ते तुम्ही दोघांनी सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार. नाव घेऊन."