दुसरा ब्रेक

"अहो ब्रेक! ब्रेक, ब्रेक, ब्रेक!"

मास्तर ओरडले खरे, पण गाडी थांबली तेव्हा पुढच्या दुधाच्या टेम्पोचं मागचं दार बॉनेटपासून जेमतेम वीतभर लांब होतं. स्टिअरिंग धरलेल्या बेकरीवाल्या बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"मेलं का हो कोणी?" बाईंनी तसंच विचारलं.

"कोणी नाही. डोळे उघडा आधी."

बाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. टेम्पो जागच्या जागी होता. दूधवाला खाली उतरून दोघांचा उद्धार करत होता, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी आधी मास्तरांच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"मास्तर! तुम्ही ब्रेक मारलाच नाहीत! मी थांबवली गाडी, माझी मी! मुद्दाम नाही ना मारलात?"

मास्तर म्हणाले, "हं."

आता या 'हं'चं काय करायचं? शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. पहिल्याच दिवशी मास्तर प्रत्येकाला सांगायचे, "चुका बिनधास्त, मी आहे ना इकडे." त्या एका वाक्यावर त्यांनी अर्धं गाव चाकावर बसवलं होतं. थरथरणाऱ्या सुना, हट्टी सासरे, काच खाली करून देवाचं नाव घेणारे पेन्शनर, सगळे. आणि आज टेम्पो दिसताक्षणी मास्तरांनी दुसरा ब्रेक मारला होता. मनापासून, जीव खाऊन मारला होता. फक्त पाय गेला नव्हता. खाली पाहिलं, तर तो पायपुसण्यावर निवांत पडलेला. त्याला कोणी हाकच मारली नव्हती जणू.

कंबर तर जुनीच दुखत होती. आयुष्य गाडीत बसून काढल्यावर ती दुसरं काय करणार? मग कळ कुल्ल्यातून मांडीत उतरली, पोटरीत मुंग्या आल्या, आणि हल्ली मुंग्यासुद्धा येईनाशा झाल्या तेव्हा मास्तरांना वाटलं, चला, बरं झालं. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय, काम काय करता? मास्तर म्हणाले, "बसून असतो." यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी ते घराच्या दारात पोचले, तोच मागून जिना चढत बायको आली. तिच्या हातात एक चप्पल होती.

"ही जिन्यात सापडली. दुसरी तुमच्या पायात आहे. तिसरी कुठे टाकून आलात का?"

मास्तरांनी पायांकडे पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. दोन मजले तसेच चढून आले होते, पत्ता नाही.

"सैल झालीय चप्पल."

"चप्पल सैल झालीय, पायरी उंच झालीय, चटई मधे मधे येतेय. सगळं घर बिघडलंय, तुम्ही तेवढे ठणठणीत!"

जेवताना मास्तरांनी बेकरीवाल्या बाईंची गंमत सांगितली. मेलं का हो कोणी, हे त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. बायको पोट धरून हसली. तिला नवऱ्याच्या नकला लग्नापासून आवडायच्या. मग हसता हसता ती थांबली.

"आणि तुम्ही खरंच मुद्दाम नव्हता मारला?"

"भाजी वाढ थोडी."

तिने भाजी वाढली. मास्तरांनी ती तशीच ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीप्रमाणे घरासमोर उभी होती. मास्तर आपल्या जागेवर जाऊन बसले, तोच बेकरीवाल्या बाई आल्या. हातात बिस्किटांचा डबा, आणि मागे गल्लीतल्या तिघीजणी.

"या पण शिकणार म्हणतात," बाई ड्रायव्हरच्या जागेवर बसत म्हणाल्या. "मी सांगितलं, आपले मास्तर म्हणजे देवमाणूस. टेम्पो समोर आला तरी ब्रेकला पाय लावला नाही. एवढा विश्वास टाकला हो माझ्यावर! माझ्यावर आजवर कोणी भट्टीसुद्धा एकटीवर सोपवली नाही."

तिघी खिडकीतून कौतुकाने पाहत होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं. मास्तरांनी त्या मुलाकडे पाहिलं. गप्प बसलं तर शाळा जोरात चालणार होती. बोललं तर आज, आत्ता, इथेच बंद.

"किल्ली काढा, बाई."

"का हो?"

"मी काल ब्रेक मारला होता. पाय हललाच नाही. हा पाय आता माझं ऐकत नाही."

बाईंचा हात किल्लीवर तसाच राहिला. "म्हणजे काल मला सांभाळायला..."

"कोणी नव्हतं. गाडी तुम्हीच थांबवलीत, तेवढं शंभर टक्के खरं. माझ्या विश्वासाचं जे सांगताय ते खरं नाही."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "नसतं सांगितलंत तर मला कधी कळलं नसतं हो."

"म्हणून तर सांगितलं."

"मग आता मला कोण शिकवणार?"

"बाजारापलीकडे एक मुलगी शिकवते. ओरडते फार, पण शिकवते छान. माझ्याकडेच शिकलीय." मास्तर जरा हसले. "ओरडणं तेवढं तिचं स्वतःचं आहे."

बाईंनी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. डोळे पुसले. डबा मागच्या सीटवर ठेवला आणि बाहेरच्या तिघींना दटावलं, "चला गं, बघताय काय?"

त्या गेल्या. गाडी हलेना म्हणून वर खिडकीतून पाहत असलेली बायको ओट्यावरचं काम टाकून खाली आली. तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत येऊन बसली. दोघं समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिले. सायकली गेल्या, शाळेची बस गेली.

"डॉक्टरांना आज मी सांगणार आहे काम काय करता ते," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"सांग," मास्तर म्हणाले. "करत होता, असं सांग."

तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवला होता. कधी ठेवला, त्यांना कळलं नाही. खाली नजर गेली तेव्हा तो दिसला, पिठाचा, ओलसर. मास्तरांनी आपला हात त्या हातावर ठेवला, तेव्हा त्यांना तो गरम लागला.