बाणा म्हणजे आडवं सूत

उत्तरपत्रिकेच्या सातव्या पानावर लाल शाईचा एकच फराटा होता, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. समासात शेरा: ‘आशय समजलेला नाही. वाचन वाढवा.’ दहापैकी शून्य.

मावशीने तो शेरा दोनदा वाचला. शून्याचं तिला तितकं लागलं नाही. ‘वाचन वाढवा’ मात्र मिरचीसारखं झोंबलं.

कॉलेजात सगळे तिला मावशी म्हणत, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांपेक्षा ती मोठी होती. सकाळच्या पाळीत कापड गिरणीत सहा माग सांभाळायचे आणि केसांतला कापूस झटकत तीनच्या तासाला बसायचं, असं सहा वर्षं चाललं होतं. हा शेवटचा पेपर. उत्तीर्ण व्हायला चाळीस गुण हवे होते, मिळाले सदतीस. पदवी तीन गुणांवर अडली होती.

आणि अडली तीही तिच्या लाडक्या विषयात. ‘साहित्य: विविध काळ, विविध संस्कृती.’ समुद्रापलीकडच्या एका राणीचा आक्रोश, बर्फाळ मुलखातल्या कैद्याची पत्रं, लढाईवरून परतून कोणाशीच न बोलणाऱ्या शिपायाची गोष्ट. मागांच्या खडखडाटात ही सगळी माणसं तिच्या डोक्यात एकमेकांशी हुज्जत घालायची. त्या यादीत एक जुनं गाणं होतं, रचणारी अज्ञात:

‘ताणा गेला आगीत माझा,
बाणा हाती राहिला,
सये, आता विणू काय?’

परीक्षेआधी तिने ते आईला वाचून दाखवलं होतं. आईने चाळीस वर्षं हातमाग चालवलेला. आता डोळ्यांना कमी दिसायचं. ऐकून ती उसवलेली उशी शिवता शिवता थांबली.

“संपली की गं बिचारी.”

“कशावरून?”

“उभं सूतच जळालं, तर आडवं घालणार कशात? आडव्या सुताचा धोटा हातात धरून बसायचं नुसतं. शिकलेली ना तू?”

मावशीने परीक्षेत तेच लिहिलं. ताणा म्हणजे उभं सूत, बाणा म्हणजे आडवं. उभं गेल्यावर हातात उरलेलं आडवं सूत म्हणजे उरलेलं आयुष्य, ज्याचं आता काहीच होणार नाही. दीड पान लिहिलं.

हा विषय शिकवणाऱ्या आणि पेपर तपासणाऱ्या सरांच्या मते मात्र बाणा म्हणजे स्वाभिमान. संकटांच्या आगीतूनही स्त्रीचा बाणा शाबूत राहिला! सरांचा प्रबंध त्यावरच होता, पुस्तकाचं नावच ‘बाणा हाती राहिला’. झाडून सगळ्या गाइडांनी तो अर्थ उतरवून घेतला होता. आणि ‘विणू काय’? ती म्हणे संसाराच्या जाळ्याविषयीची तुच्छता. उंटावरचा शहाणाही इतक्या उंचावरून बोलला नसता.

दुसऱ्या दिवशी मावशी ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन सरांच्या खोलीत गेली. आत सर एकटेच होते.

“सर, बाणा. दुसरा अर्थ वाचा.”

“बसा तर खरं.”

“आधी वाचा.”

सरांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “कोशात अर्थ पुष्कळ असतात, मावशी. साहित्यात संदर्भाने निवडावा लागतो.”

“संदर्भच सांगतेय. शेजारी ताणा बसलाय, खाली विणू काय. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? की ताणा म्हणजे पण स्वाभिमानच?”

“तुम्ही चिडला आहात.”

“हो. मला वाचन वाढवायला सांगितलंत. मी रोज सहा मागांवर हेच वाचते, सर. एका धाग्याची चूक झाली तर कापडाचा सगळा ताका परत येतो माझ्याकडे. तुमचा आला का कधी परत?”

सरांनी कोशातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी उठून दार लोटलं, आणि त्यांचा आवाज खाली आला.

“ऐका. प्रबंध छापून बावीस वर्षं झाली. मी त्यावर प्राध्यापक झालो, त्यावर पोरं शिकवली. एकदा एका विणकराने पत्र लिहून हेच कळवलं होतं. तेव्हा चौथी आवृत्ती छापखान्यात होती.” त्यांनी हात पसरले. “आता मी काय करू?”

मावशीने कोश खाडकन मिटला. म्हणजे याला ठाऊक होतं. ठाऊक असून फराटा मारला, आणि वर शेरा लिहिला.

“अगदी हेच विचारतेय गाण्यातली ती बाई,” ती म्हणाली. “तिला तुम्ही बावीस वर्षं छाती काढून उभी केलीत.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढून पुढे सरकवला. “तीन कृपागुण देतो. ‘माझा अर्थ चुकला’ एवढं लिहून सही करा. संध्याकाळपर्यंत पदवी तुमची. कोणाला कळणारही नाही.”

“मला कळेल ना. आणि आईला काय सांगू? तिचं सूतही चुकलं म्हणून?”

“हट्टापायी वर्ष घालवाल.”

“माझं एकच जाईल. तुमची बावीस गेली,” ती म्हणाली आणि कोश उचलून बाहेर पडली.

कार्यालयाच्या खिडकीत तिने फेरतपासणीचा अर्ज भरला. कारकुनाने तो वाचून कपाळाला आठी घातली.

“मावशी, कारणाच्या रकान्यात हे काय? ‘उत्तर बरोबर आहे’? इथे ‘गुण कमी वाटतात’ असं लिहायचं असतं.”

“वाटत नाहीत. आहेत.”

“अहो, पण फेरतपासणीला पेपर परत सरांकडेच जातो. या विषयाला दुसरं कोणी नाहीच आपल्याकडे.”

“माहीत आहे.”

“मग उपयोग काय?”

“त्यांना तो परत वाचावा लागेल. पहिल्या शब्दापासून,” मावशी म्हणाली. “मारा शिक्का.”