पापणीवरचा फोकस

माझी ताई प्रसूती विभागात मुख्य नर्स आहे. ती सहसा कुणाकडे काही मागत नाही, आणि मागितलंच तर समोरच्याला नाही म्हणायची सोय ठेवत नाही. एका सकाळी तिचा फोन आला.

"अरे, तुझ्या बुटांमधून जरा डोकं वर काढ. आमच्याकडे काही बाळं जेमतेम काही तासच राहतात. आईबापांकडे नंतर काहीच उरत नाही. एकेक चांगला फोटो काढून देशील? फ्लॅश चालणार नाही, जास्तीचे दिवे लावता येणार नाहीत. आणि वेळ मिळेल तेवढाच."

मी जाहिरातींसाठी चपला-बुटांचे फोटो काढतो. बूट हलत नाही, आणि फोटो बिघडला तरी तो उद्या तिथेच असतो. इथे उद्या नव्हता. हातून चुकलं तर त्या माणसांकडे आयुष्यभर काहीच राहणार नव्हतं. या विचाराने मी धास्तावलो, आणि धास्तावलो की मी खरेदीला निघतो.

माझ्या नेहमीच्या दुकानातल्या भिंगवाल्या काकांनी काउंटरवर तीन लेन्स मांडल्या. एक मुठीत मावेल एवढी, पण मंद उजेडात तिचा काही उपयोग नव्हता. दुसरी मध्यम. तिसरीला आमच्या धंद्यात हत्ती म्हणतात: समोरची काच बशीएवढी, वजन हाताला रग लावणारं, आणि उजेड खेचून घेण्यात एक नंबर. अशा लेन्सला आम्ही फास्ट म्हणतो. ताईला हा शब्द सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, "फास्ट कशाला रे? त्या खोलीत कुणालाच घाई नसते."

"लहान आकार, वेग, दर्जा," काका म्हणाले. "यातले कुठलेही दोन माग, देतो. तिन्ही एकत्र हवे असतील तर दुसरं दुकान बघ."

"आकाराचं काय घेऊन बसलात? वजन मी उचलणार आहे."

"आणि बघणार कोण? ज्याच्यासमोर धरशील तो. माझं ऐक, मधली घे. जास्त उजेड घ्यायला हत्ती पूर्ण उघडलास तर जवळून कागदाच्या जाडीएवढंच स्पष्ट येतं. नाक आलं तर कान जातो."

वीस वर्षं याच धंद्यात घासलेल्या माणसाला हे शिकवायचं म्हणजे कमालच झाली. मी हत्ती घेतला, आणि मनाशी ठरवलं की एवढी लेन्स घेतलीय तर ती पूर्ण उघडूनच वापरायची.

आठवड्याभराने भर दुपारी ताईने बोलावलं. खोलीत पडदे ओढलेले, कोपऱ्यात एक मंद दिवा. पलंगावर आई, तिच्या कुशीत सकाळी जन्मलेली मुलगी. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची मुदत सांगितली होती. मुलीचे वडील भिंतीशी उभे होते.

कॅमेरा पाहून आईने मुलीभोवतीचा हात आणखी जवळ घेतला. "केवढा मोठा आहे हो, दादा. तिला भीती नाही ना वाटणार?"

नाही, म्हणालो. आणि आमच्या धंद्यातला पहिला धडा गिरवायला लागलो: डोळा साधला की फोटो साधला. जवळच्या डोळ्याची पापणी धरायची, बाकीचं विरघळलं तरी चालतं, उलट छान दिसतं. मुलगी श्वास घ्यायची आणि पापणी निसटायची. मी पुन्हा धरायचो. वीस मिनिटांत साठ फोटो काढले.

बाहेरच्या बाकावर बसून मी फसलेले फोटो पुसून टाकले. ही माझी जुनी सवय. वाया गेलेलं काम गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. त्यातल्या एका फोटोत फोकस घसरून हातावर गेला होता. चेहरा नुसतं धुकं, आणि आईच्या बोटावर त्या मुलीचा हात लख्ख. मी तो क्षणभर पाहिला. डोळा चुकलाय, असं म्हणून पुसला.

मुलगी संध्याकाळी गेली.

तीन आठवड्यांनी मी मोठा प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. मी खुशीत होतो, हे कबूल करायला हवं. आईने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "छान आलाय." मग तिचं बोट कागदावरून खाली सरकत एका फिकट डागापाशी थांबलं.

"हात कुठे आहे?"

"तो मागे गेला. ही लेन्स अशी आहे की डोळे स्पष्ट ठेवले की..."

"डोळे तिने उघडलेच नाहीत हो, दादा. एकदाही नाही." ती शांतपणे बोलत होती. "तिने एकच गोष्ट केली. माझं बोट धरलं. तेवढा एखादा फोटो असेल ना?"

बघतो, म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यातल्या त्याच कार्डावर मी बुटांचे चारशे फोटो काढले होते. पुसलेले फोटो परत मिळवून देणाऱ्याकडे कार्ड नेलं, त्याला फक्त बूटच सापडले. घरी येऊन मी रडलो. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "कार्ड बिघडलं वगैरे सांगू नकोस. खरं काय ते समोर जाऊन सांग."

गेलो. सांगितलं. वडील ताडकन उठले. "पुसलात? आमच्या मुलीचा फोटो तुम्ही पुसलात?" मी मान खाली घातली. त्यांनी मला बाहेर काढलं असतं तरी चुकीचं नव्हतं.

आईने त्यांची बाही धरली. माझ्याकडे वळून म्हणाली, "पुसण्याआधी तुम्ही तो नीट पाहिला होता ना?"

"हो."

"मग सांगा. काय काय दिसत होतं?"

मी डोळे मिटले. "चार बोटं वरून दिसत होती. अंगठा आत गेला होता. करंगळीचं नख तांदळाच्या कणीएवढं. तुमच्या पहिल्या पेराच्या खाली तिने धरलं होतं. आणि जिथे धरलं होतं तिथे तुमची कातडी पांढरी पडली होती."

"पांढरी?"

"हो. दाबल्यावर पडते तशी."

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? मी सांगत होते ना. सगळे म्हणत होते, नुसता हात ठेवलेला असेल, तुला भास झाला. तिने धरलं होतं. जोर लावून धरलं होतं."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "मी दुपारभर भिंतीकडे बघत उभा होतो. तिच्याकडे बघायची हिंमतच झाली नाही."

मग हात पुढे करून त्यांनी स्वतःचं एक बोट टेबलावर ठेवलं.

"मला दाखवा," ते म्हणाले. "नेमकं कुठे धरलं होतं?"