टाळ्या मिळालेलं वाक्य

नाशिक रोडच्या स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये आरोही मॅडमना आज खुर्चीत बसवत नव्हतं. दाराजवळची चांगुणाबाईंची जागा रिकामी होती. कारखान्यातली पाळी संपवून, सिन्नरहून शेअर जीपने येणाऱ्या या बाईने आजवर एकही तास चुकवला नव्हता.

काल ‘विल’, ‘कॅन’ यांना ‘प्रॉबेबली’, ‘हार्डली’ जोडून, पुढे ‘फ्रॉम’, ‘विदाउट’ लावून वाक्यं करायची होती. बाकीच्यांनी नेहमीसारखं आपल्या वाक्यांत पुस्तकातल्या रामला बाजारात पाठवलं. चांगुणाबाई मात्र उभ्या राहून म्हणाल्या, “आय विल नॉट कम प्रॉबेबली फ्रॉम टुमॉरो.”

मॅडमनी कान टवकारले, पण फक्त चुकीपुरते. “अहो बाई, प्रॉबेबली आधी! विलला चिकटून! पुन्हा म्हणा. मोठ्याने!”

उद्यापासून मी बहुधा येणार नाही, हे बाईंनी मोठ्याने, बिनचूक इंग्रजीत पुन्हा सांगितलं. आवाज कापत होता. मॅडमना वाटलं, इंग्रजीची भीती, दुसरं काय!

“करेक्ट! टाळ्या!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई कसनुसं हसल्या आणि पिशवी उचलून जीप गाठायला गेल्या.

आज मॅडमनी फोन लावून पाहिला, तो बंद. त्या खिडकीशी गेल्या, फळ्याशी आल्या, पुन्हा खिडकीशी गेल्या.

“मॅडम, चांगुणाबाई का नाही आल्या?” पुढच्या बाकावरच्या राखीने विचारलं.

“काल सांगून गेल्या ना!” मॅडम तिच्यावर खेकसल्या. मग खडू खाली ठेवत म्हणाल्या, “आणि आपण टाळ्या वाजवल्या.”