नमुन्याबरहुकूम

हा निळा धुतल्यावर कसा दिसेल, असं चित्रकलेच्या बाईंना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. चित्र काढून झाल्यावर ते साबण लावून धुवायची वेळ कधी येत नाही, त्यामुळे तो प्रश्न त्यांच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं.

सगळ्या सरकारी शाळांत मुलांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे, असं शिक्षण खात्यानं ठरवलं तेव्हा रंग निवडायला एक समिती नेमली. समितीतल्या साहेबांना खाकी आणि करडा यांपलीकडे जगात रंग आहेत याची फारशी कल्पना नव्हती, म्हणून तोंडी लावायला एक चित्रकलेची बाई घेतली. बाईंनी मात्र काम मनावर घेतलं. जांभळ्याकडे किंचित झुकणारा एक खोल निळा त्यांनी निवडला, त्यासाठी साहेबांशी वाद घातला आणि जिंकल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा बाई आनंदात होत्या.

आणि बाईंना हा नियम मनापासून हवा होता. त्यांच्या वर्गात ठिपकी नावाची मुलगी होती. खरं नाव वेगळं, पण तिच्या नाकावर, कोपरावर, कुठे ना कुठे रंगाचा एक ठिपका असायचाच, म्हणून सगळे ठिपकीच म्हणत. हात असा, की बाई मनातल्या मनात तिचा हेवा करत. ही पोर पूर्वी वर्गात कोणी नवा झगझगीत कपडा घालून आलं की मागच्या बाकावर जाऊन बसायची आणि उसवलेली बाही मुठीत धरून डाव्या हातानं चित्र काढायची. सगळ्यांना सारखे कपडे मिळाले आणि ठिपकी पहिल्या बाकावर आली. एवढ्यासाठी बाईंनी खात्याचे शंभर अपराध पोटात घातले असते.

एकशे एकावा मात्र जड गेला. बाजारात तसलंच दिसणारं भलतंच कापड विकलं जातंय, अशी कुणकुण खात्याला लागली आणि हुकूम निघाला: प्रत्येक मुलाचा गणवेश शाळेच्या फाटकात खात्याच्या नमुन्याशी ताडून पाहावा, जुळला नाही तर मुलाला घरी पाठवावं. नमुना म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कापडाचा तुकडा, पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात खात्याचा शिक्का. ताडून बघायचं काम कोणाला? अर्थात चित्रकलेच्या बाईंना. ‘‘तुम्हाला रंगातलं कळतं ना,’’ असं मोठे सर म्हणाले आणि मोकळे झाले.

आता खात्याचं कापड म्हणजे दोन-चार धुण्यांत रंग सोडणारं. त्यामुळे फाटकात रोज जे व्हायचं ते पाहून बाईंचा जीव वैतागून जायचा. ज्यांच्या घरी कपडे रोज धुतले जात, त्या मुली फिक्या पडून परत जात. लोळ्या नावाचा मुलगा, ज्याच्या गणवेशाला मिळाल्या दिवसापासून पाणी लागलं नव्हतं, तो मात्र छाती काढून आत शिरायचा. त्याच्या अंगाला असा वास यायचा, की बाई श्वास रोखून नमुना लावायच्या. पण रंग? एकदम नमुन्याबरहुकूम. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

बाईंनी मोठ्या सरांना सांगून पाहिलं.

‘‘सर, कापडच रंग सोडतंय. पोरींचा काय दोष?’’

‘‘मला पटतंय हो. पण हुकूम माझा नाही. वर बोला.’’

बाई वर बोलल्या. वरचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘कापड पक्क्या रंगाचं आहे, असं ठरलेलं आहे.’’

‘‘ठरलेलं असेल, पण ते उडतंय ना!’’

‘‘बाई, रंग तुम्हीच निवडलात ना?’’

पालथ्या घड्यावर पाणी. बाई घरी येऊन नवऱ्यावर खेकसल्या. त्याचा बिचाऱ्याचा काहीच संबंध नव्हता.

चीड सगळ्यात जास्त कशाची यायची, तर नियमाला धड शिव्याही देता येत नव्हत्या. नियम नसता तर ठिपकी मागच्या बाकावर, आणि आहे तर फाटकाबाहेर. एकदा मोठे सर मागेच उभे असताना ठिपकी समोर आली. स्वच्छ, घडीचा फ्रॉक, आणि रंग आकाशासारखा फिका. बाईंनी नमुना लावला, सरांनी घसा खाकरला आणि बाईंना तिला परत पाठवावं लागलं. नंतर पुन्हा एकदा तेच झालं.

त्यानंतर ठिपकी बाईंना म्हणाली, ‘‘बाई, आत्या म्हणालीये, आता परत आलीस तर शाळेत जाऊच नको. असं फाटकातून परतच यायचं तर घरी बसून धाकट्याला तरी सांभाळ.’’

तिची आई दूरच्या गावी कामाला होती आणि घर आत्याच्या हातात होतं. आत्या वाईट नव्हती, पण एकदा बोलली की बोलली. बाई एकदा तिला भेटल्या होत्या, त्यामुळे ही नुसती धमकी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यात नोटीस आली, की सोमवारी खात्याचे तपासनीस येऊन स्वतः फाटकात उभे राहणार आहेत.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंचं वर्गात लक्ष नव्हतं. ठिपकीनं हात वर केला.

‘‘बाई, एखादा रंग दुसऱ्या रंगाशी अगदी हुबेहूब जुळवायचा असेल तर कसा जुळवायचा?’’

असा प्रश्न वर्षातून एकदा मिळाला तरी चित्रकलेची बाई धन्य होते. बाई फुलून आल्या. थोडा थोडा रंग कसा मिसळायचा, काळा किती जपून वापरायचा, सगळं दाखवलं. ‘‘आणि एक लक्षात ठेवा. ओल्या रंगावर कधी भरवसा ठेवायचा नाही. ओला असला की गडद दिसतो. वाळू द्यायचा आणि मगच जुळला का ते बघायचं.’’ ठिपकीनं कपाटातले उरलेसुरले रंग घरी न्यायला मागितले तेव्हा बाईंनी आनंदानं डबाच देऊन टाकला. कशासाठी, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. कारण त्यांच्या डोक्यात तोवर वेगळाच बेत शिजत होता.

बेत साधा होता. पोरींचे कपडे नमुन्यासारखे होत नसतील, तर नमुन्यानं पोरींच्या कपड्यांसारखं व्हावं. बाईंनी नमुना पर्समध्ये घातला, घरी नेला, पुठ्ठ्यावरून कापड अलगद सोडवलं आणि धुवायला घेतलं. शनिवारी धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. रविवारी तेच. एवढासा तुकडा आणि बाई त्याला धोपटत होत्या.

नवरा न्हाणीघरात डोकावून म्हणाला, ‘‘त्या फडक्यानं तुझं काय घोडं मारलंय?’’

‘‘खात्याचा राग काढतेय.’’

‘‘मग बरंय. परवा माझ्यावर काढला होतास.’’

रविवारी संध्याकाळी तुकडा अगदी ठिपकीच्या फ्रॉकसारखा फिका झाला. बाईंनी तो पुन्हा पुठ्ठ्यावर बसवला. शिक्का पुठ्ठ्यावर होता, तो जागच्या जागी होता. लोळ्या आता गडद ठरणार हे बाईंना कळत होतं, पण एक दिवस घरी बसल्यानं त्याचं काही बिघडणार नव्हतं, आणि त्या निमित्तानं कपडे धुतले गेले तर वर्गाचं भलंच होणार होतं.

सोमवारी तपासनीस फाटकात उभे राहिले. नमुना त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. पहिली फिकी मुलगी आली. साहेबांनी तुकडा तिच्या बाहीला लावला आणि मान हलवली. आत. दुसरी आत. ओळीनं सगळ्या धुतलेल्या, फिक्या, नीटनेटक्या मुली आत गेल्या. लोळ्याला परत पाठवलं तेव्हा त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या आणि तो धूम पळाला. बाईंना कित्येक दिवसांनी हसू आलं.

आणि मग ठिपकी आली. हात अंगापासून लांब धरून, हळूहळू, अंगात पुठ्ठा घातल्यासारखी चालत. तिचा फ्रॉक जांभळ्याकडे किंचित झुकणारा खोल निळा होता. समितीच्या टेबलावर बाईंनी बोट ठेवलं होतं, तोच.

बाईंना डबा आठवला, शुक्रवारचा प्रश्न आठवला, आणि पोरीनं अख्खा फ्रॉकच रंगवून आणलाय हे कळलं.

साहेबांनी तुकडा लावला. ‘‘गडद आहे. परत.’’

ठिपकीनं साहेबांकडे पाहिलंच नाही, तिनं बाईंकडे पाहिलं.

‘‘साहेब, तिचाच रंग खरा आहे,’’ बाई घाईघाईनं म्हणाल्या. ‘‘तुकड्याचा रंग उडालाय.’’

‘‘तुकड्यावर खात्याचा शिक्का आहे, बाई. तुकडा कसा चुकेल?’’

‘‘अहो, मी धुतला तो! घरी नेऊन, साबण लावून, दोन दिवस!’’

साहेब समजूतदारपणे हसले. ‘‘मुलांसाठी तुमचा जीव तुटतो, ते दिसतंय मला. पण म्हणून काहीही सांगाल?’’

खोटं खपलं होतं आणि खऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. बाईंच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी ठिपकीचा दंड धरला, तिला कुंपणाबाहेरच्या नळापाशी ओढत नेलं आणि नळ सोडला. ओंजळीओंजळीनं पाणी तिच्या खांद्यांवर, पाठीवर, घेरावर. निळं पाणी गटाराकडे वाहू लागलं. बाईंचे हात कोपरापर्यंत निळे झाले.

‘‘बाई, नको ना! बाई, अख्खा रविवार लागला मला!’’ ठिपकी रडत होती.

‘‘गप्प उभी राहा,’’ बाई ओरडल्या. त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांना धार लागली होती.

पाणी स्वच्छ येऊ लागलं तशी बाईंनी नळ बंद केला आणि निथळत्या पोरीला साहेबांसमोर आणून उभं केलं. ‘‘घ्या. लावा आता.’’

साहेबांनी, कपड्यांवर पाणी उडू नये म्हणून लांबूनच, तुकडा लावला. बराच वेळ बघितलं. ‘‘अजून थोडा गडदच आहे.’’

बाईंनी काहीतरी भयंकर बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ठिपकी नाक ओढत म्हणाली, ‘‘बाई, ओला आहे. वाळल्यावर बघायचं असतं ना?’’

‘‘बरोबर बोलली,’’ साहेब खूश होऊन म्हणाले. ‘‘वाळू दे, मग बघू.’’

तेवढ्यात घंटा झाली. घंटा झाली की फाटक लागतं, हाही नियमच. शिपाईकाका फाटक ओढता ओढता थांबले. ‘‘बाई, तुम्ही आत येताय ना? वर्ग वाट बघतोय.’’

बाईंनी आत पाहिलं. पहिल्या बाकांवर बसणाऱ्या सगळ्या मुली ओळीनं वर्गाकडे चालल्या होत्या. मग त्यांनी ठिपकीकडे पाहिलं. ती घराच्या रस्त्याला वळली, की पुन्हा या फाटकात दिसणार नव्हती.

‘‘लावा फाटक,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी हिच्याबरोबर आहे. ही वाळेपर्यंत.’’

दोघी कुंपणाच्या भिंतीला लागून उन्हात उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे वळून बघत होते. ठिपकी थरथरत होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, ‘‘बाई, पण जुळला होता ना?’’

‘‘हुबेहूब,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मलाही इतका जमला नसता.’’

मग त्यांनी तिला खांद्यांना धरून वळवलं, कारण तिच्या फ्रॉकची मागची बाजू अजून ओली होती.